सबस्टेशन झालं की जाऊ

आईची बॅग माझ्या बारामतीच्या फ्लॅटमध्ये आली त्या दिवसापासून खाटेखालीच आहे. तिच्यातली लुगडी कपाटात लावावी म्हणून मी एकदा चेनला हात घातला, तर आईनं असा आवाज लावला की शेजारच्या वहिनी दार उघडून बघायला आल्या. "ठेव ती तितंच. मी काय हितं नांदायला आलीया व्हय? दोन दिस ऱ्हाईन आन् जाईन." त्या दोन दिवसांचे आता किती झाले ते मी मोजत नाही. मोजलं की चिडचिड होते, आणि माझी चिडचिड निघते नवऱ्यावर. मग तो बिचारा गॅलरीत जाऊन उभा राहतो.

आईचं गाव अंथुर्णे. लग्न होऊन तिथं गेली ती तिथलीच झाली. वडील गेले, माझं लग्न झालं, धाकटा भाऊ ऊस बघायला लागला, पण चुलीपुढची जागा तिनं सोडली नाही. गॅस घरात आला होता. पण टाकी महाग, म्हणून तो पाहुण्यांच्या चहापुरता पेटायचा आणि भाकरी-कालवण सगळं चुलीवर. पुढं तिला चार पावलं टाकली की दम लागायला लागला, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, "मावशी, आयुष्यभराचा धूर आहे हा. आता हा निघायचा नाही." आणि हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं मशीन घरी न्यायला सांगितलं. दिवसभर आणि रात्रभर लावायचं.

ते मशीन विजेवर चालतं. सगळं घोडं तिथंच अडलं.

आमच्या गावाकडं लाईट नसते असं नाही. असते. पण ती कधी येईल, किती येईल आणि आली तर तिच्यात जीव किती असेल, हे कुणाला सांगता येत नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो. त्याला आमच्याकडं 'लाईट डिम हाय' म्हणतात. डिम लाईटीवर बल्ब जळतो, पंखा कण्हत का होईना फिरतो, पण आईचं मशीन चालत नाही. ते टुक टुक वाजत राहतं आणि हवा देत नाही. आई त्याच्याकडं बघत बसायची आणि म्हणायची, "आरं वाजतंयस कशाला, मला दिसतंय की."

लोकांनी सल्ले भरपूर दिले. इन्व्हर्टर घ्या. घेतला. पण बॅटरी भरायलासुद्धा चांगली लाईट लागते, ती कुणी आणायची? ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवा. ठेवला, तो संपला की बारामतीहून दुसरा येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. जनरेटर घ्या म्हणणारेही भेटले. ज्या धुरानं फुप्फुसं खाल्ली तोच धूर परत दारात आणून ठेवायचा, आणि वर अक्कल शिकवायची. भावानं योजनेतून छपरावर सोलर बसवलं, तर कळलं की लाईन मेली की तेही बंद पडतं, कारण ते लाईनीला जोडलेलं असतं. भर उन्हात, छपरावर पॅनेल तळपतायत आणि घरात मशीन टुक टुक वाजतंय. भाऊ त्या दिवशी अंगणात उभा राहून छपराकडं बघून हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

मग एका दुपारी गावची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. सिलिंडर संपत आला होता. आईची नखं निळी पडली. भावानं तिला उचलून गाडीत घातलं आणि मशीन, नळी, बॅग घेऊन माझ्या दारात आला. आई बरी झाल्यावर पहिला प्रश्न, "मला घरी कवा न्हेता?" मी म्हणाले, "सबस्टेशन झालं की जाऊ."

लेकीच्या घरी राहणं म्हणजे काय, हे शहरातल्या माझ्या मैत्रिणींना सांगूनही कळत नाही. त्या म्हणतात, अगं, तुझीच आई ना? माझीच आहे. पण माझ्या घराला ती 'पाव्हण्यांचं घर' म्हणते. पाव्हणं म्हणजे जावई, माझा नवरा. तो एमआयडीसीतून आला की ही डोक्यावरचा पदर पुढं ओढते, खोकला आला तर त्याचाच बोळा तोंडात कोंबते आणि तो जेवल्याशिवाय घास खात नाही. त्याचं हात जोडून सांगून झालं, "आई, मी तुमचा मुलगाच आहे की." त्यावर ती नुसती मान हलवते. मला मात्र ती स्पष्ट सांगते, "हितं जीव गेला तर लोकं काय म्हनतील? ल्योक असताना जावयाच्या दारातनं तिरडी निघाली म्हनतील. मला घरी मरू दे, बाय." हे ती चहा मागावा तितक्या सहज म्हणते. 

शिवाय बिल. दिवसरात्र मशीन म्हटल्यावर युनिट वाढले, युनिट वाढले की वरचा दर लागतो. हे मी तिच्यासमोर एकदाच बोलले, तेही नवऱ्याशी, हळू आवाजात. पण म्हाताऱ्यांना नको ते बरोबर ऐकू येतं. पुढच्याच आठवड्यात मी कॉलेजातून लवकर आले तर मशीन बंद आणि आई भिंतीला टेकून तोंडानं श्वास ओढतेय. मी किंचाळलेच. तर म्हणते कशी, "जरा गार पडू दे त्याला. इहिरीवरची मोटार बी आपन इसावा दिल्याबिगर चालवतो का?" तेव्हापासून बटणावर मी चिकटपट्टी लावली. ती चिकटपट्टी दर दोन दिवसांनी सुटलेली असते.

तर सबस्टेशन, गावाला पुऱ्या दाबाची लाईट देणारं. त्याची कथा सांगायची तर ते झालेलं आहे. गावाबाहेर तारेचं कुंपण आहे, आत खोली आहे, खोलीला निळा रंग आहे, मोठा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर बसवलेला आहे. फक्त त्याच्यात वीज नाही. मोठ्या लाईनीवरून तिथं वीज आणायची तर शेतांतून टॉवर यायला हवेत. ते आलेही, एकामागून एक, उसातून डोकी वर काढत, आणि आमच्या शेताच्या अलीकडं येऊन थांबले. शेवटच्या टॉवरवरून तारा पुढं गेल्याच नाहीत. सबस्टेशनच्या आवारात आता शेरडं चरतात.

थांबले का? तर पुढचा टॉवर जिथं उभा राहायचा, आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या बांधावर, तिथं देव निघाला.

हे मला फोनवर भावानं सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. देव म्हणजे काय, तर ठेकेदाराच्या माणसांनी टॉवरची जागा दाखवायला रोवलेला दगड. चुना मारलेला, वर गेरूचा पट्टा. आमच्याकडं बांधावर, लिंबाखाली, विहिरीकडेला असेच दगड देव म्हणून उभे असतात, आणि त्यांनाही असाच चुना आणि असाच गेरू असतो. कुणीतरी त्याला हळदीकुंकू लावलं. मग कुणी फूल वाहिलं. तात्यांनी शेंदूर फासला. खड्डा खणायला माणसं आली तेव्हा तिथं बायका नैवेद्य घेऊन उभ्या होत्या. माणसं हात जोडून परत गेली. टॉवर आपल्या रानात नको असं मनातून सगळ्यांनाच वाटत होतं, त्यात आयता देव मिळाला. त्यावर पत्र्याची शेड चढली, मग फरशी बसली, मग घंटा.

टॉवर थोडा बाजूला घ्यायचा तर एका बाजूला कालव्याची हद्द, दुसऱ्या बाजूला वनखात्याच्या माळाची पट्टी. दोन्हीकडं नवी मोजणी, नवी परवानगी. परवानगी मागितली गेली. ती कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. मी वीज कंपनीच्या साहेबांना भेटले. साहेब सज्जन होते, चहा पाजला आणि म्हणाले, "बघू, मॅडम." त्यांच्या जागी दुसरे आले, त्यांनीही चहा पाजला.

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. विधेयकाचं पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवलंय की झोपेतही म्हणेन. पण त्या हिवाळी अधिवेशनात पहिल्यांदाच मी एक विधेयक देव पाण्यात ठेवून बघत बसले. वीजवाहिन्यांच्या परवानग्यांचं होतं. खात्यानं ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. वीज स्वस्त होईल, अखंड मिळेल, असं मांडणाऱ्यांनी सांगितलं. मी फोनवर सभागृहाचं प्रक्षेपण लावून स्टाफरूममध्ये बसायचे. बाकीचे मला हसायचे, "मॅडम, मॅच कुठवर आली?"

वर्गातही मी तेच उदाहरण घेतलं. नकाशा काढला, खाती दाखवली, परवानगी कुठं अडते ते दाखवलं. पोरं कधी नव्हे ती लक्ष देऊन ऐकत होती, कारण निम्म्यांच्या घरी लाईट डिमच असते. मागच्या बाकावरची, कन्हेरी गावची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बिल पास झालं की किती दिवसांनी लाईट येती?" मी म्हटलं, "लवकर." शिक्षकानं असं मोघम उत्तर देऊ नये. पण मला त्या दिवशी तसंच वाटत होतं.

विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. मी येताना पेढे घेतले. आईला म्हटलं, "कायदा झाला. आता कुणाला अडवून ठेवता येणार नाही." आई पेढा चघळत म्हणाली, "म्हंजी सबस्टेशन हुतंय?" मी हो म्हणाले. तिनं खाली वाकून, खाटेखाली हात घालून, बॅग आहे का ते चाचपलं. मग नळी सारखी करत मला म्हणाली, "भावाला सांग, परसातलं शेवग्याचं झाड तोडू नगं म्हनावं. मी आल्यावर शेंगा काढीन."

चार दिवसांनी मी तो मसुदा नीट वाचला. राज्यशास्त्राच्या बाईनं आधी वाचायला नको का? पण आनंदात माणूस कलमं वाचत बसत नाही. मुदतीच्या कलमाखाली दुरुस्ती होती. ती दुसऱ्या वाचनाच्या वेळी घातली होती आणि त्यावर कुणी बोललंही नव्हतं, म्हणून माझ्या कानावरून गेली. लोकांच्या पूजेत असलेलं श्रद्धास्थान मार्गात येत असेल तर हे मुदतीचं कलम लागू नाही. तिथं ग्रामसभेची संमती घ्यायची, आणि ती नसेल तर समितीकडं जायचं. समिती अजून नेमायची होती. मी ते दोनदा वाचलं. लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला घेतली, इतकी जोरात की नवरा आत येऊन म्हणाला, "फुटतील." मी म्हटलं, "फुटू देत."

पण ग्रामसभा म्हणजे आपलीच माणसं. त्यांना सांगून बघू, असा मी विचार केला. चुलतचुलते, लहानपणी ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळले ती माणसं. सगळ्यांना आई माहीत. ज्यांच्या घरी बाळंतपणं झाली त्यांच्याकडं आईनं डिंकाचे लाडू पोचवले होते. म्हणून सुट्टी टाकून मी इंदापूरची एसटी धरली आणि अंथुर्ण्याला उतरले.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. मी उभी राहिले तर कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "ताई, तुमचं नाव हितल्या यादीत न्हाय." खरंच होतं, माझं मत बारामतीला. सरपंचबाई म्हणाल्या, "माहेरवाशीन हाय. बोलू द्या." मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणजे मी पाहुणी, हे आधीच ठरलं.

मी बोलले. आधी नीटच बोलले. आईचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. दिवसा चांगली लाईट मिळाली तर तुमच्याच मोटारी जळायच्या थांबतील, तुमच्याच लेकरांचे अभ्यास होतील, हेही सांगितलं. देवाला चार हात पलीकडं नेऊन चांगलं देऊळ बांधू, मी स्वतः मदत करते म्हटलं. माणसं खाली बघत होती. कुणी विरोध करत नव्हतं, कुणी व्हय म्हणत नव्हतं. तात्या तेवढे म्हणाले, "पोरी, तुझं खरं हाय. पर बसलेला देव हलवायचा म्हंजी... गावावर काय आलं तर कोन निस्तरनार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "देव कसला, तात्या? ठेकेदाराचा दगड आहे तो, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. टॉवर नको म्हणून ज्या शहाण्यानं त्याला पहिलं कुंकू लावलं ना, त्याला उभं करा माझ्यापुढं. माझी आई तिकडं श्वासाला महाग झालीय, त्याला विचारू दे मला एकदा."

खाली बघणाऱ्या माना वर झाल्या. मला वाटलं, लागलं बरोबर. मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडं बघत नाहीयेत. सगळे माझ्या भावाकडं बघतायत. भाऊ खांबाला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. तात्यांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "पुढचा इषय घ्या, बाई." ठराव झाला, देवस्थान आहे तिथंच राहावं. हात वर झाले. भावाचा हात वर गेला नाही, पण विरोधातही तो मांडीखालून निघाला नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला शाळेच्या भिंतीशी गाठलं. "काय झालं? का बघत होते सगळे तुझ्याकडं? तू लावलंस कुंकू?"

"मी न्हाय, ताई."

"मग कोण?"

त्यानं चपलेनं माती उकरली. "आयनं."

 तो हळूहळू सांगत गेला. आजारपण नुकतंच सुरू झालं होतं, अजून मशीन आलं नव्हतं. आई रानात गेली होती, बांधापाशी दम लागला म्हणून टेकली, आणि समोर हा दगड. चुना लावलेला, गेरूचा पट्टा, कालपर्यंत नव्हता तो आज उभा. तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं की आपल्या बांधावरचा राखणदार फार वर्षांमागं मातीत गेलाय, एक दिवस वर येईल. तिला वाटलं, तोच आला. निमगाव केतकीच्या बाजारातून तिनं हळदीकुंकू आणलं, नारळ आणला.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"दम जाऊ दे, म्हनली. आन् काय मागनार?" भाऊ म्हणाला. "घरी यून मला म्हनली, देव आलाय, आता मी बरी हुनार. मी काय सांगू तिला, की आगं त्यो टॉवरचा दगड हाय? लई खुशीत हुती गं. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, ठेकेदार काढून टाकंल. तवर बाकीच्यांनी धरलं."

"आणि तुलाही बरंच झालं. टॉवर रानातून गेला नाही."

"व्हय," तो म्हणाला. "तेबी हाय. खोटं कशाला बोलू? पर आय तुझ्याकडं गेल्यापास्नं घर खायाला उठतंय, ताई. मला टॉवर चालंल. धा टॉवर चालतील. आता माझ्या म्हनन्यानं काय हुतंय?"

त्याच्यावर ओरडायचं होतं. मी पर्स उचलली आणि चालायला लागले. तो मला फाट्यावर सोडायला आला आणि एसटी येईपर्यंत आम्ही दोघं दोन अनोळखी प्रवाशांसारखे उभे राहिलो.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं होतं की आईला सांगायचं. का नाही सांगायचं? तिनं स्वतः गावात येऊन, नाहीतर फोनवरून का होईना, म्हटलं की तो देव नाही, तर लोक ऐकतील. देव तिचाच, तिनंच बसवला, तीच उठवू शकते. घरी पोचले तर आई खाटेवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. मशीन चालू होतं. माझं तोंड बघून म्हणाली, "झाली सभा? काय म्हनली लोकं?"

"बघू म्हणाले."

"म्हननारच." तिनं एक वाल सोलून ताटलीत टाकला. श्वास घेतला, थांबली, परत घेतला. "तू त्यांच्या नादाला लागू नगं. त्यांच्या हातात काय न्हाय. माझं ऐक. आपल्या बांधावर देव आलाय, भाऊ बोलला आसंल तुला. लई कडक हाय. मीच त्याला पयलं कुक्कू लावलं, म्हनून माझं ऐकतो त्यो."

मी म्हणाले, "आई, तू दम जाऊ दे म्हणाली होतीस. गेला का?"

ती माझ्याकडं जरा रागानं बघायला लागली. "मंग जित्ती हाय का न्हाय मी? नखं निळी पडल्याली, तुमी सगळी रडत हुता. कुनी वाचवलं?"

 मी तिच्या शेजारी बसले आणि वाल सोलायला घेतले. सांगायचं म्हणून सगळे शब्द जुळवून आले होते, ते जिभेवर आले आणि तसेच खाली गेले. तिला आता एवढा एकच आधार होता. तो काढून घेतला असता, तर तिनं तिकडं फोन करून लोकांना सांगितलंही असतं कदाचित. आणि लोकांनी तिचंही ऐकलं नसतं, हे मला व्हरांड्यातल्या त्या वर गेलेल्या हातांवरून कळलं होतं. मग तिच्याजवळ देवही राहिला नसता आणि सबस्टेशनही नाही.

"येत्या अमुशाला जा," आई म्हणाली. "नारळ घीऊन जा. म्हनावं, सबस्टेशन हुऊ दे, मला घरी येऊ दे. माझं नाव सांग."

मी गेले. कुणाला हे खरं वाटायचं नाही, पण गेले. राज्यशास्त्राची बाई हातात नारळ घेऊन, कालव्याच्या कडेनं, उसाच्या पात्यांनी हात कापून घेत. शेड चांगली झालीय. फरशीवर पाणी मारलेलं होतं, उदबत्ती जळत होती, आणि वर छताला एक पिवळा बल्ब मिणमिणत होता, डिम. शेडच्या मागं, लांब उसात, तो शेवटचा टॉवर, पुढं तारा नसलेला. तात्या झाडत होते. मला बघून त्यांनी झाडू बाजूला ठेवला आणि काही न विचारता नारळ घेऊन फोडला. शेंदरात तो दगड आता ओळखूही येत नाही. पण खाली, फरशीच्या फटीतून, ठेकेदाराचा चुना अजून दिसतो.

मी हात जोडले. ज्याच्यापुढं उभी होते त्यालाच सांगायचं होतं की तू इथून हल. मनातल्या मनातही मला ते नीट म्हणता येईना. शेवटी आईनं सांगितलं होतं तेवढंच म्हणाले, तिच्या नावानं, आणि प्रदक्षिणा घातली. तात्यांनी विचारलं, "आईची तब्बेत कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे.

घरी आले तेव्हा आईनं हात पुढं केला. मी तिच्या तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिनं तो डोळ्यांना लावला, खाल्ला नाही, पदराच्या टोकात बांधला.

"सांगितलंस समदं?"

"सांगितलं."

"मंग हुईल," ती म्हणाली.  मग तिनं बॅग बाहेर काढायला सांगितली. मी काढली. तिनं चेन उघडून खालून एक घडी ओढली. इरकल लुगडं, कोरं, कधी नेसलेलं नाही. मी ते तिच्याजवळ कधी पाहिलं नव्हतं. ते तिनं सगळ्यात वर ठेवलं, त्यावर पदरातला खोबऱ्याचा तुकडा सोडून ठेवला आणि चेन लावली.

"ह्ये वर ऱ्हाऊ दे. घाईत सापडाया पायजे," ती म्हणाली. "आन् सबस्टेशन न्हाय झालं तर रडत बसू नगं. तवा मला मशीन लागनार न्हाय. तवा ने."

मी बरं म्हणाले. बॅग परत खाटेखाली सरकवली आणि मशीनच्या बटणावरची चिकटपट्टी सुटली होती, ती दाबून बसवली.